आतल्या मालाचं तापमान

तळघरातल्या फ्रीझरमध्ये माझी घरची बिअर आंबतेय. काल रात्री झोपायच्या आधी खाली उतरले तेव्हा तापमानाचा आकडा ९.८ होता. मी १० लावलाय. अर्ध्या अंशाच्या आत आहे म्हणजे ठीक. झाकण उघडलं नाही, नुसता फ्रीझरच्या अंगावर हात ठेवला. कॉम्प्रेसर गप्प होता, पण एअरलॉकचा, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या आणि हवा आत न येऊ देणाऱ्या पाण्याच्या झडपेचा, आवाज आतून येत होता, दोन-तीन सेकंदांनी एक बुडबुडा. पाचवा दिवस. वहीत तारीख, वेळ, आकडा लिहिला आणि दिवा घालवून वर आले.

ही वही २०१७ च्या जानेवारीपासूनची आहे. पहिल्या पानावरचे आकडे आता वाचले की कळतं, त्यातले बहुतेक खोटे होते. मी खोटे लिहिले नव्हते, थर्मामीटरही चांगला होता. तो चुकीच्या जागी होता, एवढंच. ती एक गोष्ट समजायला मला दोन हिवाळे लागले आणि बाबांना रत्नागिरीहून मिलवॉकीला यावं लागलं.

पुढे जाण्याआधी एक स्पष्ट करते, कारण मागच्या वेळी लिहिलं तेव्हा पुण्याहून दोघातिघांनी विचारलं, की आम्हीही घरी करून बघू का. मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत राहते. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मुभा मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी कुठलंही मद्य बनवणं गुन्हा आहे. तेव्हा तिकडून विचारणाऱ्यांना माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. पण तापमानाबद्दल मी जे पुढे लिहिणार आहे ते दही लावणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

लागर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आपल्याकडे बाटलीतून जी पिवळीधमक, स्वच्छ बिअर मिळते ती बहुतेक लागरच असते. दुसरं मोठं घराणं एलचं. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांवर सुखाने काम करतं, दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांवर, सावकाश. आणि आंबून झाल्यावरही शून्याच्या जवळपास कित्येक आठवडे नुसतं ठेवून द्यायचं. जर्मनमध्ये ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणं, नाव तिथूनच आलं. एलमध्ये यीस्टने केलेली गडबड फळांच्या वासाखाली, हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या, कडूपणाखाली झाकली जाते. लागरमध्ये झाकायला काहीच नसतं. पांढऱ्या कपड्यावरच्या डागासारखं सगळं दिसतं. मला ती आवडते ती याचसाठी.

पहिली लागर मी तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत लावली. बाहेर उणे दहा, तिथे फरशीवर थर्मामीटर १२ दाखवत होता. मला वाटलं, एवढा फुकटचा गारवा आहे तर आणखी काय हवं! पिल्सनर माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली), साझ हॉप्स, आणि डब्ल्यू-३४/७० या कोरड्या यीस्टची साडेअकरा ग्रॅमची एक पुडी. माल्टचा उकळलेला गोड रस, ज्याला वर्ट म्हणतात, २१ अंशांपर्यंत निवला तेव्हाच मी यीस्ट घातलं. विचार असा, की एकदा आंबायला लागू दे, मग भिंतीजवळ ते आपोआप गार होईल.

तसं होत नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता सोडतं. १९ लिटरच्या माझ्या घाण्यात जेवढी साखर असते तिची सगळी उष्णता आतच कोंडली गेली, तर बिअरचं तापमान साधारण दहा अंशांनी चढेल. अर्थात ती सगळी कोंडली जात नाही, भिंतींतून बाहेर पडते. पण आंबण्याचा जोर असतो तेव्हा आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज वर असतं. त्यात मी यीस्ट गरम रसात घातलेलं, आणि त्याच आठवड्यात थंडी वाढली म्हणून तळघरातली घर गरम करणारी भट्टी दिवसभर धडधडत होती. फरशी १२ म्हणत होती. काचेच्या बुधल्यावरची तापमानाची पट्टी १७ म्हणत होती. मी वहीत १२ लिहिलं.

सात आठवड्यांनी चाखली. आधी पिकलेल्या पेअरसारखा वास, मग घशाला लागणारा उग्रपणा, आणि सगळ्यावर लोण्याचा एक थर. १९ लिटर मोरीत ओतली. ओतताना वाईट वाटलं, कारण माल्ट चांगला होता, पाणी चांगलं होतं, पाच तास उभं राहून केलेलं काम चांगलं होतं.

दुसऱ्या वर्षी जुना चेस्ट फ्रीझर घेतला. ६० डॉलरला, एका कुटुंबाने घर बदलताना विकायला काढलेला, दोनशे लिटरच्या आसपासचा. असा फ्रीझर स्वतःच्या मनाने उणे अठरावर जातो, म्हणून मध्ये एक कंट्रोलर लागतो. मी इंकबर्डचा घेतला. त्याला दोन प्लग असतात, एक गार करायला आणि एक गरम करायला, आणि एक तार, जिच्या टोकाला सेन्सर. तापमान वर गेलं की फ्रीझर सुरू, खाली गेलं की गरम करणारा पट्टा सुरू. मी मोठमोठ्या इमारतींच्या हीटिंग-कूलिंगच्या कंट्रोल्सवर काम करते. हे जोडायला मला दहा मिनिटं लागली. तार फ्रीझरच्या आतल्या भिंतीला चिकटवली, १० लावलं, आणि आता प्रश्न सुटला असं मानलं.

त्या फ्रीझरमधल्या पहिल्या दोन लागर पिण्यासारख्या झाल्या, पण चांगल्या झाल्या नाहीत. पहिल्या घोटात काहीतरी जड. मी दोष पाण्याला दिला, मग माल्टला, मग यीस्टच्या पुडीला. पाण्यात घालायची कॅल्शियमची वेगवेगळी क्षारं आणली, माल्टची गोणी बदलली. आकडा तर रोज १० होता, वहीत लिहिलेला होता. मग तापमानाकडे कशाला बघायचं?

२०१८ च्या डिसेंबरात आई-बाबा चार महिन्यांसाठी आले. बाबांबद्दल सांगायला हवं. ते मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं ऑपरेटर होते. मच्छीमार बोटींना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात ओळीने बुडवलेले पत्र्याचे डबे. मिठाचं पाणी उणे दहाला गेलं तरी गोठत नाही, डब्यातलं साधं पाणी मात्र गोठतं. लादी बाहेरून आत होत जाते, मधला भाग सर्वांत शेवटी. लहानपणी मी शाळेतून तिथे जायचे तेव्हा बाबा मला डब्यात वाकून बघायला लावायचे: कडेला काचेसारखा बर्फ, मध्ये अजून हलणारं पाणी. ‘झालीय असं वाटतं ना? नाही झालेली,’ म्हणायचे. घाई करून काढलेली लादी बोटीवर अर्ध्या वाटेत फुटते आणि मासळी जाते, मग शिव्या कारखान्याला.

बाबा बिअर पीत नाहीत. पण तळघरात कॉम्प्रेसर आहे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वेटर-कानटोपी घालून खाली आले. त्या वेळी एक लागर लावून तिसरा दिवस होता.

“किती आहे?” त्यांनी विचारलं.

“दहा.”

त्यांनी झाकण उघडलं, वाकले, आणि बुधल्याच्या पोटावर उघडा तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग फ्रीझरच्या भिंतीवर ठेवला. मग परत बुधल्यावर.

“हे दहा नाही, बाय. ती तार कुठे सोडलीयस?”

मी दाखवली.

“ती हवा मोजतेय. तू हवा पिणार की माल?”

सेन्सर कुठे बसवायचा हा माझ्या रोजच्या कामातला पहिला प्रश्न असतो. खिडकीजवळ बसवला तर खोली चुकते, पडद्यामागे बसवला तर माणूस चुकतो, हे मी नव्या मुलांना शिकवते. आणि घरी मी तार हवेत लोंबकळत ठेवली होती. त्याच संध्याकाळी दुसरा थर्मामीटर आणून उकळून, निर्जंतुक करून थेट बिअरमध्ये सोडला. कंट्रोलर १०.१ म्हणत होता. बिअर १२.९ होती. म्हणजे दोन वर्षं जो आकडा लिहीत होते तो आधी फरशीचा आणि मग फ्रीझरच्या हवेचा होता. हवा भराभर गार होते, कॉम्प्रेसर समाधानाने थांबतो, आणि १९ लिटर बिअर मात्र आपल्या उबेत बसून राहते.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस बाबांनी आणि मी जे केलं ते मला फार प्रिय आहे. एका बुधल्यात १९ लिटर साधं पाणी भरून आम्ही सेन्सरच्या जागा बदलत गेलो आणि दर अर्ध्या तासाला आकडे लिहिले. दिवसा मी कामावर असताना ते लिहायचे, देवनागरी आकड्यांत, बारीक अक्षरात. ती पानं वहीत तशीच आहेत.

आधी सेन्सर स्टीलच्या नळीतून अगदी मध्यभागी सोडून पाहिला. मला वाटलं होतं हेच सगळ्यांत बरोबर. पण मध्यभागाला गारवा पोचेपर्यंत कॉम्प्रेसर चालूच राहतो, कडेचं पाणी ६ अंशांवर जातं, कॉम्प्रेसर थांबल्यावरही ती थंडी आत सरकत राहते, आणि सगळं ८ वर येऊन बसतं. मग पट्टा चालू होतो, मग परत उलटं. शेवटी जे जमलं ते साधं होतं: सेन्सर बुधल्याला बाहेरून, पातळीच्या निम्म्यावर, टेपने घट्ट चिकटवायचा आणि त्यावर फोमचा तळहाताएवढा, जाड तुकडा बांधायचा. फोममुळे हवा लागत नाही, काचेतून आतल्या मालाची ऊब लागते. लावलेल्या आकड्यापासून अर्धा अंश ढळलं की मगच फ्रीझर किंवा पट्टा सुरू होईल असं ठेवायचं, आणि कॉम्प्रेसर थांबल्यावर निदान पाच मिनिटं परत सुरू होणार नाही असा विलंब लावायचा, नाहीतर तो लवकर जळतो. विलंबाचं बाबांनी मला सांगावं लागलं नाही, पण सांगितलं. त्यांच्या कारखान्यात एकदा कोणीतरी घाई केली होती.

आता आठवतं ते ३० जानेवारी २०१९. त्या दिवशी मिलवॉकीत ध्रुवीय थंडी उतरली होती, पारा उणे पंचविसाच्याही खाली. शाळा बंद, ऑफिसं बंद. बाबा खिडकीशी उभे होते आणि त्यांना खरोखर प्रश्न पडला होता: बाहेर एवढी थंडी फुकट पडलीय आणि तू खाली वीज लावून गारवा करतेस?

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला म्हणून त्यांना मार्चमध्ये मिलर ब्रुअरीच्या टूरला घेऊन गेले. तिथे टेकडीच्या पोटात जुन्या गुहा आहेत. फ्रेडरिक मिलर १८५५ मध्ये इथे आला तेव्हा फ्रीझर नव्हते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापून आणायचा, गुहांत भरायचा, आणि त्या गारव्यात लागरची पिपं उन्हाळाभर ठेवायची. मिलवॉकी बिअरचं गाव झालं त्यामागे जर्मन लोक होते हे सगळे सांगतात, पण त्या लोकांना इथे बर्फही मिळाला. जर्मनीतल्या बव्हेरियात तर १५५३ च्या फर्मानाने उन्हाळ्यात, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, बिअर करायलाच बंदी होती, कारण गरमीत ती बिघडायची. हिवाळ्यातच करायची या सक्तीमुळे थंडी सोसणारं यीस्ट आपोआप निवडलं गेलं असणार. बाहेरची थंडी मात्र आजही मला वापरता येत नाही, कारण ती कधी उणे पंचवीस असते आणि आठवड्याने अधिक पाच. यीस्टला थंडी लागते, पण रोज तीच लागते.

गुहेत बाबांनी आमच्या गाइडला एकच प्रश्न विचारला, मी भाषांतर केलं: बर्फ वितळू नये म्हणून वरती काय घालायचे? पेंढा आणि लाकडाचा भुसा, असं कळल्यावर बाबांचा चेहरा उजळला. लाद्या ट्रकमधून जायच्या तेव्हा तेही भुसा आणि ओलं गोणपाट घालायचे. परतताना गाडीत मी त्यांना सांगितलं, की अमेरिकेतल्याच तळ्यांतला बर्फ असाच झाकून बांधून १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला गेला होता आणि पाठोपाठ मुंबईलाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “चार महिने समुद्रावर, आणि पोचला?”

मला आणखी एक योगायोग सांगायचाय, कारण तो माझ्या दोन्ही आवडींना जोडतो. इथून तासाभरावर व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात वॉरन जॉन्सन शिकवायचे. वर्गाचं तापमान बघायला शिपाई तासाला दार ढकलून आत यायचा, त्याने शिकवण्यात खंड पडायचा. म्हणून त्यांनी खोली गार किंवा गरम झाली की तळघरात घंटा वाजेल असं विजेचं यंत्र केलं. पेटंट १८८३ चं. त्यातूनच पुढे मिलवॉकीत थर्मोस्टॅटचा मोठा धंदा उभा राहिला. आणि त्याच १८८३ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी लागरच्या यीस्टचा एकच एक शुद्ध वाण वेगळा केला. तोवर कुठल्या पिपात कुठलं यीस्ट आहे याचा भरवसा नसायचा. एकाने यीस्टवर भरवसा ठेवता येईल असं केलं, दुसऱ्याने खोलीच्या तापमानावर. माझ्या तळघरातल्या पांढऱ्या पेटीत ते दोघं रोज भेटतात.

त्या यीस्टबद्दलही एक सांगते. लागरचं यीस्ट संकरित आहे. एक पालक ब्रेडचं आणि एलचं नेहमीचं यीस्ट. दुसरा पालक कोण, हे बराच काळ सापडत नव्हतं. २०११ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या थंड जंगलांत, दक्षिणी बीच झाडांवरच्या गाठींत सापडला. थंडीत काम करायची ताकद त्याच्याकडून आली. फ्रीझरमध्ये वाकते तेव्हा मला ती जंगलं आठवतात.

आता माझी पद्धत. फेब्रुवारीपासून जे करतेय ते म्यूनिक हेल्स, फिकी आणि माल्टच्या बाजूने झुकणारी. पिल्सनर माल्ट ६६ अंशांवर तासभर भिजवते, मग नव्वद मिनिटं उकळते. साठ चालत नाहीत असं नाही, पण पिल्सनर माल्टमधून उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा एक वास येतो, तो वाफेबरोबर घालवायचा असतो, म्हणून झाकण न ठेवता नव्वद. हॉप्स थोडे, हालरटाऊचे. मग तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडून गार करते. हिवाळ्यात मिशिगन तलावाचं पाणी नळाला इतकं गार असतं की हात धरवत नाही, वीस मिनिटांत काम होतं. जुलैत तेच पाणी कोमट येतं, मग वर्ट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी यीस्ट घालते. ८ अंशांवर येईपर्यंत यीस्ट घालत नाही. एक रात्र थांबण्याची भीती सुरुवातीला वाटायची. भांडी स्वच्छ असतील तर काही होत नाही.

आणि यीस्ट भरपूर. आता १९ लिटरला दोन पुड्या. एलच्या मानाने लागरला दुप्पट यीस्ट लागतं, कारण थंडीत ते वाढत कमी आणि दमतं लवकर. हे आईला सांगितलं तेव्हा तिला काहीच नवल वाटलं नाही. पावसाळ्यात विरजणाचा चमचा मोठा घ्यायचा हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

यीस्ट ८ वर घातलं की एका दिवसात १० वर चढू देते आणि तिथे धरून ठेवते. चोवीस तास काहीच दिसत नाही, कधी छत्तीस. मग बुडबुडे, आणि त्यांच्याबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास. पहिल्यांदा मी घाबरले होते, पण तो गंधकाचा वास लागरच्या यीस्टचा स्वभाव आहे, बुडबुड्यांबरोबर आणि नंतरच्या थंड साठवणीत निघून जातो. वर घरात येतो तेव्हा मात्र तळघराची खिडकी उघडावी लागते.

मला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो लोण्याचा वास समजायला. त्याचं नाव डायअसिटिल. लागरमध्ये लिटरला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं असलं तरी जाणवतं. यीस्ट आंबवताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं बिअरमध्ये हळूहळू डायअसिटिल होतं, आणि मग तेच यीस्ट ते परत गिळून टाकतं. थंडीत पहिली पायरी इतकी सावकाश होते, की यीस्ट झोपी गेल्यावर डायअसिटिल तयार होतं आणि गिळायला कोणी उरत नाही. म्हणून यीस्ट जागं आहे तोवर बिअरला थोडी ऊब द्यायची. माझी बिअर हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता मोजणाऱ्या नळीवर, १.०४८ ला सुरू होते आणि १.०१० ला संपते. ती १.०२० वर आली, म्हणजे तीन चतुर्थांश काम झालं, की कंट्रोलर दिवसाला दोन अंशांनी वाढवत १६ वर नेते आणि तीन दिवस तिथे ठेवते. तेव्हा फळांच्या वासाची भीती नसते, कारण तो मुख्यतः सुरुवातीच्या जोरात येतो.

तीन दिवस झाले की परीक्षा. दोन छोट्या बाटल्यांत थोडी बिअर काढते, झाकणं लावते. एक तशीच ठेवते, दुसरी ६० ते ६५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं. उष्णतेने लपलेलं डायअसिटिल बाहेर येतं. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून वास घ्यायचा. माझा नवरा बिअर पीत नाही, पण त्याचं नाक माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, म्हणून त्याला न सांगता दोन्ही पुढे करते. तो म्हणाला “याच्यात लोणी कढवलंय का?” की आणखी दोन दिवस १६ वर. दोन्ही सारख्याच वाटल्या की पुढे. मागच्या उन्हाळ्यातल्या एका घाण्याला आठ दिवस लागले. कॅलेंडर बघून उरकली असती तर ती लोण्याची झाली असती.

मग गार करत न्यायचं, दिवसाला दोन अंश, १ वर येईपर्यंत. इथे एकदा अडचण आली होती. बिअर गार होते तशी वरची हवा आकसते आणि एअरलॉकमधलं निर्जंतुक करायचं पाणी आत ओढलं जातं, मागून बाहेरची हवाही. आता गार करायच्या दिवशी एअरलॉकच्या जागी नळीने वाढदिवसाचा एक चंदेरी फुगा लावते, त्यात आधीच कार्बन डायऑक्साइड भरलेला. बिअर तो ओढून घेते आणि फुगा रोज थोडा चिंबत जातो. १ अंशावर पाच आठवडे. या पाच आठवड्यांत करायचं काही नसतं, फक्त वहीत आकडा. बिअर गढूळ असते ती स्वच्छ होत जाते, कडा मऊ होतात. चौथ्या आठवड्यात चाखली तर वाटतं झाली. नाही झालेली.

गेल्या उन्हाळ्यात एका वादळात चौदा तास वीज नव्हती आणि फ्रीझरमध्ये तिसऱ्या आठवड्यातली बिअर होती. रात्री साडेदहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी, बाबांना फोन केला. “झाकण उघडायचं नाही,” एवढंच म्हणाले. मी उघडलं नाही, वर दोन रजया टाकल्या. वीज आली तेव्हा बिअर १ वरून ३ वर गेली होती, इतकंच.

आजचा घाणा उद्या-परवा १.०२० ला येईल, मग १६ कडे निघेल. पण त्याआधी एक काम आहे. गेले दोन आठवडे कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळा लागतोय, वहीत दिसतं. रविवारी बाबांना सांगितलं तर त्यांनी नोटेची परीक्षा करायला लावली: झाकण आणि कडेच्या मध्ये कागदी नोट धरायची, झाकण बंद करायचं आणि नोट ओढायची. घट्ट निघाली तर रबर चांगलं. व्हिडिओ कॉलवर ते बघत होते. मी एक डॉलरची नोट घेऊन चारी बाजूंनी फिरले. पुढून घट्ट, डावीकडून घट्ट, उजवीकडून घट्ट. मागे बिजागरीपाशी नोट हातात आपोआप आली.

“परत कर,” बाबा म्हणाले.

परत केली. परत आली. नवं रबर मागवलंय, शुक्रवारी येईल. तोपर्यंत त्या कोपऱ्याला टेप लावून ठेवलाय.